भूल दिलेले पक्षी

ती केस मी विसरलेलो नाही आणि विसरावी असे कधी वाटलेही नाही. खून नव्हता, दरोडा नव्हता. वर्तमानपत्रात एक ओळ छापून आली नाही. तरीही माझ्या नोकरीतले एकच प्रकरण पुन्हा हाताळायला मिळणार असेल, तर मी तेच मागून घेईन.

आधी थोडे माझ्याविषयी. वडील पुण्याहून लीड्सच्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणून आले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. पुढे मी पोलिसात भरती झालो तेव्हा ते महिनाभर माझ्याशी कामापुरते बोलत होते. पहिली काही वर्षे शहरात काढल्यावर सार्जंट म्हणून माझी बदली यॉर्कशायरच्या ग्रामीण भागात झाली. ठाणे म्हणजे एक काउंटर, दोन खोल्या आणि मागे चहाची केटल. वन्यजीवांचे गुन्हे पाहणारा तिथला अधिकारी निवृत्त झाला होता. ते काम कोणाला द्यायचे हे ठरवण्याची मीटिंग झाली त्या दिवशी मी रजेवर होतो, म्हणून ते मला मिळाले.

हकीकत दोन हजारच्या दशकातली, ऐन थंडीची. त्या भागातल्या इस्टेटींवर हिवाळ्यात फेझंटची शिकार चालते. फेझंट म्हणजे कोंबडीएवढा, लांब शेपटीचा रानपक्षी. त्याची पिल्ले वाढवून रानात सोडतात आणि त्यांची राखण करायला पगारी माणूस ठेवतात. त्याला गेमकीपर म्हणतात. हे काम बहुधा बापाकडून मुलाकडे येते, आणि राहायचे घर नोकरीबरोबरच मिळते. नोकरी गेली की घरही जाते. ही गोष्ट पुढे महत्त्वाची आहे.

एका सोमवारी सकाळी तिथल्या इस्टेटीचा कीपर काउंटरवर आला. पन्नाशी उलटलेला, लाल चेहऱ्याचा, कमी बोलणारा गडी. बायको वारलेली. म्हाताऱ्या वडिलांना घेऊन रानाच्या कडेला राहायचा. त्याचे वडीलही त्याच इस्टेटीचे कीपर होते.

"सार्जंट, माझे पक्षी कोणीतरी पळवतंय," तो म्हणाला. "आणि कोण ते मला ठाऊक आहे."

"कोण?"

"रानाला लागून घर घेतलंय त्या डॉक्टरबाईंनी. पक्षी त्यांच्या भिंतीपाशी दारू प्यायल्यासारखे झुलतात, पडतात. बाई टोपली घेऊन येतात आणि त्यांना उचलून घरात नेतात. दुर्बिणीतून पाहिलंय मी. एकदा नाही, तीनदा." तो काउंटरवर वाकला. "त्या पूर्वी काय काम करायच्या माहीत आहे? भूलतज्ज्ञ होत्या. आता तुम्हीच काय ते समजा."

इथे कायद्याचे दोन शब्द सांगतो, कारण हा घोळ चांगल्या चांगल्या लोकांचा होतो. आमच्याकडे रानात गहू टाकून फेझंटला जागेवर ठेवणे हा गुन्हा नाही. तळ्यात बार्ली फेकून बदकांना बोलावणे हाही नाही. काही देशांत असे दाणे टाकून वर बंदूक चालवली तर शिक्षा होते, इथे होत नाही. शिवाय एकदा रानात सोडलेला फेझंट कोणाच्या मालकीचा राहत नाही. तो तुमच्या बागेत आला आणि तुम्ही उचलला, तर ती चोरी नव्हे. पण त्या दाण्यात किंवा पावात पक्ष्याला मारणारी अथवा सुन्न करणारी वस्तू घातली, की तो गुन्हा. मग समोर फेझंट असो, ससाणा असो वा साधा कावळा. थोडक्यात, आमिष टाकल्याबद्दल कोणी पकडत नाही. त्या आमिषात काय घातले आहे, ते आम्ही पाहतो.

त्याच सकाळी मी बाईंच्या घरी गेलो. दार उघडले ते सत्तरीच्या, ठेंगण्या, केस बारीक कापलेल्या बाईंनी. अंगात लोकरीचा जाड स्वेटर, हातात ओव्हनचा मोजा. मी तोंड उघडायच्या आत त्या इंग्रजीत म्हणाल्या, "आलात एकदाचे! चार दिवस मी फोन करतेय. कौन्सिलने मला पाच ठिकाणी फिरवलं." मग त्यांची नजर माझ्या छातीवरच्या नावाच्या पट्टीवर गेली आणि भाषा बदलली.

"अरे! तुम्ही मराठी?"

"हो."

"इथे? या खेड्यात? पोलिसात?" त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळले. "बरं, बूट काढ आणि वर चल. आवाज करू नकोस, पेशंट अजून अंडर आहेत, भुलीत."

तुम्हीचे तू व्हायला एवढाच वेळ लागला. पोलीस ज्याच्यावर आरोप आहे त्याच्या घरात मोज्यांवर जात नाही, असा नियम कुठे लिहिलेला नाही, पण मला थोडे चमत्कारिक वाटले हे खरे.

वरच्या मजल्यावर गरम पाण्याच्या टाकीचे कपाट होते. इकडच्या जुन्या घरांत असते तसे, टॉवेल उबदार ठेवायचे. त्यांनी ते हळूच उघडले. खालच्या फळीवर कपड्यांच्या टोपलीत जुन्या सुती साडीत गुंडाळलेला एक बझर्ड होता. घारीसारखा, वाकड्या चोचीचा मोठा शिकारी पक्षी. वर टॉवेलांत दोन फेझंट माद्या. बुटांच्या खोक्यात एक काळा छोटा पक्षी.

"चौतीस वर्षं मी लोकांना झोपवलं आणि उठवलं," त्या म्हणाल्या. "झोपलेलं कोण आणि मेलेलं कोण, ते मला कळतं. हे बघ, ब्रीदिंग स्लो. अंग थंडगार. डोळ्याला हात लावला तर रिफ्लेक्स नाही. हा आजार नाही रे, ही भूल आहे. आणि भूल दिलेला पेशंट थंडीत टाकला तर तो भुलीने मरत नाही, गारठून मरतो. म्हणून आणते आणि ऊब देते. पाच-सहा तासांत उठतात. कोणीतरी लायसन्स नसताना ॲनेस्थेशिया देतंय, आणि ते मला चालणार नाही."

याच क्षणी एका फेझंटला जाग आली. पुढच्या पाच मिनिटांचे वर्णन मी करत नाही. एवढेच सांगतो की जिन्यातला एक फोटो फुटला, माझी टोपी खाली गेली, आणि शेवटी बाईंनी त्या मादीला चादरीत पकडून खिडकीतून बाहेर सोडले. ती रानाकडे तीरासारखी गेली.

"बघितलंस? उत्तम रिकव्हरी," त्या म्हणाल्या.

मला त्या आवडल्या. पण आवडलेली माणसेही गुन्हे करतात, हे पोलिसाने विसरायचे नसते. मी त्यांना तक्रारीविषयी सांगितले आणि औषधांचे कपाट पाहण्याची परवानगी मागितली. त्यांचा चेहरा कडक झाला.

"बघ ना. गुडघ्याच्या गोळ्या आहेत आणि ब्लडप्रेशरच्या. त्याने फेझंटचं ब्लडप्रेशर उतरेल फार तर."

मी पाहिले. तसेच होते. जबाब लिहून घेतला, त्यांनी तो दोनदा वाचून सही केली आणि माझी एक स्पेलिंगची चूक दुरुस्त केली. मग आम्ही भिंतीच्या कडेने चालत गेलो. रान आणि बाग यांच्यामधली ती दगडी, कमरेएवढी जुनी भिंत होती. जाताना त्यांनी विचारले, "म्हणजे मी रोज सकाळी चिमण्यांना दाणे घालते, तेही इल्लिगल?"

"नाही. दाण्यांत काही मिसळत नाही ना?"

"प्रेम," त्या म्हणाल्या. "त्याला बंदी आहे का?"

भिंतीच्या सपाट दगडांवर आम्हाला ते सापडले. पावाचे काड्यापेटीएवढे तुकडे, चरबीत बुडवलेले, वर पांढरट पूड. प्रत्येकाशेजारी दगडांच्या फटीत एक वीतभर काडी खोचलेली, साल सोललेली. मी हातमोजे चढवले, फोटो काढले, प्रत्येक तुकडा आणि काडी वेगळ्या पिशवीत घालून लेबल लावले. बाई पाव निरखत होत्या.

"हा विकतचा नाही," त्या म्हणाल्या. "घरी भाजलेला आहे. कापणाऱ्याचा हात बघ, प्रत्येक तुकडा सारखा. घाईगडबडीचं काम नाही हे."

त्यांच्या या वाक्याकडे मी तेव्हाच जास्त लक्ष द्यायला हवे होते.

प्रयोगशाळेचा अहवाल यायला जवळपास दोन आठवडे गेले. पाव घरचा, चरबी भाजलेल्या बीफची, आणि पूड पक्ष्यांना सुन्न करणारी. पूर्वी ती कावळ्यांसाठी वापरात असे. अशा कामासाठी तिच्यावर कधीचीच बंदी आलेली आहे. अहवाल घेऊन मी कीपरकडे गेलो. तक्रारदार तोच होता, त्याला कळवणे माझे काम होते. त्याच्या गाडीच्या बॉनेटवर मी फोटो मांडले. पावाचे फोटो त्याने शांतपणे पाहिले. सोललेल्या काडीचा फोटो आला आणि त्याचा हात थांबला.

"ओळखीचं आहे काही?" मी विचारले.

"नाही." त्याने फोटो उलटा करून ठेवला. "कुत्र्यांना खायला घालायचंय."

कुत्री समोरच बसली होती, पुढ्यातली भांडी चाटून पुसून लख्ख केलेली. तो माझ्याकडे न बघता आत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी ठाण्याचे कुलूप काढत होतो तेव्हा तो पायरीवर उभा होता. स्वच्छ दाढी, टाय लावलेला.

"मी केलंय ते," तो म्हणाला. "लिहून घ्या."

पायरीवर कबुली घ्यायची नसते. मी त्याला आत बसवले, चहा दिला, वकील बोलावला. नऊ वाजता टेप चालू केली आणि नेहमीची समज दिली: बोलणे बंधनकारक नाही, पण जे बोलाल ते पुरावा म्हणून वापरले जाऊ शकते. माझ्या शेजारी माझी सहकारी कॉन्स्टेबल होती. हुशार मुलगी होती, पण केस लवकर मिटवायची तिला फार हौस.

"पाव कुठून आणला?"

"दुकानातून."

"चरबी कसली?"

तो थांबला. "मार्जरीन लावलं."

"पूड कशात ठेवली होती?"

"पिशवीत. नदीत फेकून दिली."

"काड्या कशासाठी?"

"खूण म्हणून."

"खूण कशासाठी? पक्ष्याला तर खुणेची गरज नाही."

वकिलाने त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. माझ्या अनुभवात खोटे बोलणारा माणूस सहसा जास्त बोलतो. याला बोलायला काही नव्हतेच, कारण त्याला माहीत काही नव्हते. पण ते काम कोणाचे, हे मात्र त्याला ठाऊक होते.

मी टेप थांबवून बाहेर आलो. सहकारी म्हणाली, "सार्ज, कबुली आहे. चार्ज करू या."

"पाव दुकानातला नाही आणि चरबी मार्जरीन नाही."

"विसरला असेल. घाबरलाय."

तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टरबाई होत्या.

"अरे, आणखी एक! तोच पाव, तशीच काडी, भिंतीच्या पूर्वेच्या टोकाला. मी पावणेआठला चक्कर मारली तेव्हा तिथे काहीच नव्हतं. आता पावणेनऊच्या चकरीला दिसला. आणि ऐक, सगळ्या भिंतीवर पांढरं फ्रॉस्ट आहे, पण त्या पावावर एक कण नाही. काडी तर इतकी ताजी की हाताला चिकटते. मी पाव प्लेटखाली झाकून ठेवलाय, हात नाही लावलेला. म्हणजे काडीला लावला. सॉरी."

पावणेआठ ते पावणेनऊ. तो माणूस साडेसातपासून माझ्या नजरेसमोर होता.

मी परत आत गेलो, टेप चालू केली, वेळ सांगितली आणि जे कळले ते त्याच्यासमोर ठेवले. मग त्याने टायची गाठ सैल केली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकले.

"निघालो तेव्हा ते शेगडीपाशी बसले होते," तो हातांआडून म्हणाला. "शपथ घेऊन मला म्हणाले होते की, कुठेही जाणार नाही."

"कोण?"

"बाबा."

मग हळूहळू सगळे बाहेर आले. गेली दोन वर्षे वडिलांना आजचे काही आठवत नव्हते आणि तरुणपणचे सगळे आठवत होते. आपण अजून कीपर आहोत, मालकांनी कावळे कमी करायला सांगितले आहेत, अशा समजुतीत ते असत. काडीचा फोटो पाहून मुलाला कळले. रविवारचे बीफ भाजल्यावर चरबीचे भांडे रिकामे का होते, तेही त्याच क्षणी कळले. काल दिवसभर त्याने त्या पुडीसाठी घर, शेड, कुत्र्यांची खोली सगळे धुंडाळले. सापडली नाही.

"मालकीणबाईंना कळलं तर आम्हाला घर सोडावं लागेल," तो म्हणाला. "मी कुठेही राहीन हो. पण त्यांना त्या रानातून काढलं तर ते जगायचे नाहीत."

"आणि गावातल्या एखाद्या लहान मुलाने तो पाव तोंडात घातला असता तर?"

त्याने मान खाली घातली. "म्हणूनच आलो. मी आत गेलो तर तुम्ही येऊन घर नीट तपासाल, पूड सापडेल, असं वाटलं."

कीपर आणि माझी सहकारी, दोघांना घेऊन मी तडक त्याच्या घरी गेलो. वाटेत डॉक्टरबाई रस्त्यात उभ्या राहून हात करत होत्या. त्यांना पोलिसांच्या कामात घ्यायला नको होते. पण पुरावा त्यांच्या प्लेटखाली होता, आणि त्यांना रस्त्यात सोडून पुढे जाणे मला जमले नाही.

म्हातारबाबा स्वयंपाकघरात बसले होते. वेस्टकोट, टाय, पॉलिश केलेले बूट. गुडघ्यांवर वर्तमानपत्र पसरून ते चाकूने हेझलच्या झुडपाची काडी सोलत होते. मला पाहून अदबीने उठले.

"या कॉन्स्टेबल. चहा घेणार?"

अशा माणसाची रीतसर चौकशी करायची तर त्याच्या बाजूने बसणारी जबाबदार व्यक्ती लागते, आणि माझ्या मते ते चौकशीच्या अवस्थेतच नव्हते. मी कॅप काढून त्यांच्यासमोर बसलो. एकच गोष्ट तातडीची होती आणि तेवढीच विचारायची, असे मी ठरवले. नंतर तसे नोंदवहीत लिहिलेही.

"काम सुबक आहे," मी काडीकडे बोट दाखवून म्हणालो.

"हे करावंच लागतं," ते खुशीत म्हणाले. "जिथे आमिष, तिथे काडी. दुपारी त्याच वाटेने परत जायचं आणि उरलेलं सगळं उचलायचं. एकही मागे राहता कामा नये. काडी सोललेली असली की लांबून पांढरी दिसते. माझ्या वडिलांनी शिकवलं. जो कीपर आपलं आमिष मोजत नाही तो कीपर नव्हे."

सकाळी ठेवलेले दुपारी उचलायचे असते, हे त्यांना अजून आठवत होते. पण सकाळी ठेवले, हेच दुपारपर्यंत आठवत नव्हते.

"पूड कुठे ठेवता?"

"मुलांच्या हाताला लागणार नाही तिथे." त्यांनी मुलाकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "हा आमचा फार उचापत्या. सगळं तोंडात घालतो."

पन्नाशीचा तो मुलगा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. तो खिडकीकडे वळला.

बाबा आम्हाला अंगणात घेऊन गेले. ॲशच्या झाडावर पक्ष्यांसाठी टांगलेली एक लाकडी पेटी होती. तिचे झाकण उचलून त्यांनी तंबाखूचा गंजका डबा काढला आणि माझ्या हातात दिला. अर्धा भरलेला होता. मी तो पिशवीत घातला, तोंड बंद केले आणि त्या सकाळी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

तेव्हा बाई पुढे आल्या. त्यांनी बाबांचा हात हातात घेतला. पेशंटची नाडी बघतात तसा, पण त्यांना तसे वाटू न देता.

"तुमच्या पावाने माझ्या बागेत फेझंट झोपले होते," त्या हळू म्हणाल्या.

"फेझंट?" म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "माझे फेझंट? ते तर कावळ्यांसाठी होतं. पिल्लांना त्रास देतात म्हणून." त्यांनी रानाकडे पाहिले. "मी त्यांना हाताने वाढवलंय. किती मेले?"

बाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. एक फेझंट आणि खोक्यातला तो काळा पक्षी उठला नव्हता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

"मी डॉक्टर आहे," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे आणलेले उठून रानात गेले."

बाबांनी त्यांचा हात घट्ट धरला. दहा मिनिटांनी त्यांनी पुन्हा विचारले, किती मेले, आणि बाईंनी पुन्हा तेच, त्याच आवाजात सांगितले. निघेपर्यंत चार वेळा. एकदाही त्यांचा स्वर चढला नाही.

पुढची कागदपत्रे मी जशीच्या तशी लिहिली, काही लपवले नाही. सरकारी वकिलांनी बाबांची प्रकृती पाहून खटला भरण्यात लोकहित नाही असे ठरवले. मुलाला खोट्या कबुलीबद्दल चांगलीच समज मिळाली. इस्टेटीच्या मालकीणबाईंना कळवू नका, अशी त्याने विनंती केली. मी म्हणालो, "ते मला टाळता येणार नाही. पण मी तुमच्याबरोबर येतो." मालकीणबाईंनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या की, लहानपणी फेझंटच्या पिल्लांना दाणे कसे भरवायचे ते त्यांना या म्हाताऱ्यानेच शिकवले होते. घर राहिले. पण अटी होत्या: प्रत्येक शेड तपासायची, आणि बाबांना एकट्याने बाहेर सोडायचे नाही. दाराला वर कडी लागली. बाबांना त्या कडीचा फार राग होता. रोज सकाळी ते तिच्यासमोर टाय बांधून उभे राहत, असे मुलाने मला सांगितले.

हे बाईंना कळले आणि त्यांनीच त्यावर तोड काढली. रोज साडेआठला त्या कडी काढायला जात. दोघे मिळून रानातल्या पिंपांत फेझंटसाठी गहू भरत. साधा गहू, पूर्ण कायदेशीर. "ते मला प्रत्येक झाडाची हिस्ट्री सांगतात," त्या मला म्हणाल्या. "आणि रोज नव्याने विचारतात, तुम्ही नवीन आलात का? मी म्हणते, हो, आजच." मेमरी क्लिनिकची वेळही त्यांनीच भांडून मिळवली.

कीपरला माफी मागायची होती, पण शब्द सुचत नव्हते. म्हणून त्याने त्या भागातल्या रीतीप्रमाणे ताजे मारलेले दोन फेझंट बाईंच्या दाराच्या मुठीला टांगून ठेवले. मला संतापून फोन आला.

"मी ज्यांना उठवलं, तेच हा मला मारून आणून देतो!"

"मावशी, तो थँक यू म्हणतोय."

"कळतंय रे मला. मी मासे खाते, मटण खाते. पण मी माझे पेशंट खात नाही." मग आवाज जरा उतरला. "तू येऊन घेऊन जा. आणि त्याला सांग, मिळाले म्हणून. फार चांगले होते म्हणून."

मी सांगितले. या केसमधले, माझ्या नोंदवहीत नसलेले हे एकमेव खोटे.

बाबा आणखी दोन हिवाळे जगले. अंत्यविधीला मी साध्या कपड्यांत गेलो होतो. बाई पहिल्या रांगेत, घरच्या माणसांत बसल्या होत्या. बाहेर पडताना कीपर माझ्याजवळ आला.

"सार्जंट, एक विचारू?" तो म्हणाला. "त्या दिवशी माझ्या जागी तुम्ही असता, तर काय केलं असतं?"

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पण उत्तर दिले नाही. तेव्हा माझे स्वतःचे वडील लीड्सला धडधाकट होते आणि तो प्रश्न मला परका वाटला. पुढे नवीन अधिकाऱ्यांना शिकवताना मी या केसचा धडा म्हणून एवढेच सांगत असे की, कबुली मिळाली म्हणून चौकशी संपत नाही, कारण माणसे भीतीने खोटे बोलतात तशी मायेनेही बोलतात. ते बरोबरच होते, पण अर्धे होते.

आता वडील नव्वदीकडे झुकले आहेत. कधी कधी मला माझ्या काकांच्या नावाने हाक मारतात. आणि आता त्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक आहे. मीही सकाळी साडेसातला टाय लावून कुठल्यातरी ठाण्याच्या पायरीवर जाऊन उभा राहिलो असतो, मी केलंय ते म्हणालो असतो, आणि कुलूप काढणाऱ्या पोलिसाने माझ्यावर विश्वास ठेवू नये, अशी मनातल्या मनात प्रार्थना केली असती.